शेवटच्या ओळीचे सात दिवे

आठवीच्या वर्गावर गेले त्या पहिल्याच आठवड्यात मला कळून चुकलं, की "समजलं का?" ह्या प्रश्नाचं उत्तर ह्या गावात आधीच ठरलेलं आहे. थर्मामीटरमधला पारा का चढतो ते मी जीव तोडून शिकवलं आणि वळून विचारलं, "समजलं का?" बेचाळीस पोरं एका सुरात म्हणाली, "व्हय बाई." मग मी मुद्दाम थर्मामीटर उलटा धरला, पारा थंडीने चढतो असं ठोकून दिलं आणि पुन्हा विचारलं. "व्हय बाई." सूर तोच, लांबीसुद्धा तीच.

मला राग लवकर येतो. आता पन्नाशी ओलांडली तरी येतो, तेव्हा तर नाकाच्या शेंड्यावरच असायचा. मी हातातला खडू भिरकावला. पोरं त्या खडूकडे बघत राहिली, माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

ही शाळा शिरूर तालुक्याच्या अगदी कडेला, भीमेच्या काठावर होती. वर्गाच्या मागच्या खिडकीतून नदी दिसायची आणि नदीपलीकडे दौंड तालुका. मी शिरूरहून सकाळच्या एसटीने यायची आणि दुपारच्या एसटीने परत जायची. साल दोन हजार उजाडायला एक-दोन वर्षं राहिली असतील. शाळेत एक संगणक आला होता. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या झाकणाखाली, कुलपात होता. महिन्यातून एकदा पोरांना रांगेने नेऊन, चपला बाहेर काढायला लावून त्याचं दर्शन घडवलं जाई. त्याला हात लावायचा नाही एवढाच त्याचा अभ्यासक्रम होता.

माझे वडील दौंडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. लहानपणी सुट्टीत त्यांच्या खोलीत बसून मी वायरी सोलायला शिकले, सोल्डरिंग शिकले, कुठला दिवा कुणासाठी असतो ते शिकले. वडील कमी बोलायचे. पण एक वाक्य ते इतक्यांदा बोलले आहेत, की मला त्यांच्या आवाजातच आठवतं: दिव्याबद्दल शंका आली, की तो तांबडाच समजायचा. पुढे काय असेल ते असो, गाडी आधी थांबवायची.

खडू फेकल्यावर मला रात्रभर वाईट वाटलं आणि सकाळी एक कल्पना सुचली. सुताराकडून प्लायवूडची एक फळी आणली. तिच्यात बॅटरीचे छोटे बल्ब बसवले, बेचाळीस. प्रत्येक पोराच्या जागी, बाकाच्या फळीखाली, हात घातला की लागेल असं, दारावरच्या बेलचं बटण ठोकलं. जुन्या टेलिफोनच्या वायरी जमिनीवरून नेल्या. वीज असून नसल्यासारखी, म्हणून मोटारसायकलची एक जुनी बॅटरी लावली. ती मी दर आठवड्याला शिरूरला चार्ज करून पिशवीतून आणायची, आणि कंडक्टर विचारायचा, "बाई, आज काय वजनदार?"

मुख्याध्यापक येऊन बघून गेले. म्हणाले, "बाई, दिवाळीला अजून अवकाश हाय." मग हळूच, "पोरांना शॉक बसला तर मला वर उत्तर द्यावं लागंल." मी दोन्ही तारा हातात धरून दाखवल्या. त्यांनी दोन पावलं मागे सरकून मान डोलावली.

फळी माझ्या टेबलावर असायची, तोंड माझ्याकडे, पाठ वर्गाकडे. मी पोरांना सांगितलं, "तुमचा हात बाकाखाली. दाबलं की नाही हे शेजाऱ्यालाही कळणार नाही. दिवा लागला तर मला एकटीला दिसेल. आणि कुणाचा लागला ते मी कधी कुणाला सांगणार नाही." हे वचन मी पाळलं, अगदी शेवटपर्यंत. त्याचंच तर सगळं आहे.

मग विचारलं, "पारा का चढतो ते ज्याला समजलं त्याने दाबा." नऊ दिवे लागले. मी तोंडी विचारलं, "समजलं ना सगळ्यांना?" बेचाळीस पोरं म्हणाली, "व्हय बाई." समोर नऊ दिवे. मला हसू आलं आणि लगेच मावळलं. ह्या आधी सात-आठ वर्षं मी असं विचारत आले होते आणि "व्हय बाई" ऐकून पुढच्या धड्याकडे वळत आले होते.

पण नंतरचे तीन महिने माझ्या नोकरीतले सगळ्यांत सुखाचे होते. चूक की बरोबर, हो की नाही, पुन्हा सांगू की पुढे जाऊ, सगळं बटणावर. जी पोरं हजेरीला सुद्धा जेमतेम ओठ हलवायची ती खाली हात घालून धडाधड उत्तरं द्यायला लागली. छत्तीस नंबरचा दिवा सगळ्यांच्या आधी लागायचा. ती शेवटच्या ओळीतली एक मुलगी होती. काळी, काटकुळी, केसांना तेल चापून दोन वेण्या. प्रश्न विचारून मी श्वास घेते न घेते तोच छत्तीस लागलेला असे. आणि तोंडाने विचारलं तर मान खाली.

शेवटच्या ओळीत सात जण बसायचे, पाच मुली आणि दोन मुलगे. सगळे नदीपलीकडचे. त्यांच्या वस्तीवर सातवीपर्यंतच शाळा होती. आठवीला एकतर पुलावरून मोठा वळसा घालून सायकलने यायचं, नाहीतर काहिलीतून नदी पार करायची. काहिल म्हणजे गुऱ्हाळातली गूळ आटवायची लोखंडी कढई. गुऱ्हाळ बंद पडलं की ती नदीत टाकून तिची होडी करतात. मुलींना सायकल कोण देतो. त्या काहिलीतून यायच्या, आणि मुलगेही त्यांच्याबरोबर.

ही सात जणं रोज उशिरा यायची, ओल्या पायांनी. म्हणून शेवटची ओळ त्यांची. त्यांच्या बाकाखालची फरशी कधी पूर्ण वाळली नाही. त्या ओळीच्या सगळ्या वायरी एके ठिकाणी जमिनीवर जोडलेल्या होत्या, आणि पावसाळ्यात एक-दोनदा तिथे पाणी जाऊन ओळीचे सातही दिवे न दाबता लागले. मिणमिणते, पिवळट. मी फडक्याने जोड पुसला आणि त्यांना ओरडले. तेही "व्हय बाई" म्हणाले.

काहिल चालवायचे ते आबा. छत्तीस नंबरवालीचे आजोबा, आईचे वडील. ही आईबरोबर लहानपणापासून आजोळीच वाढलेली. आबा पोरांकडून काही घेत नसत. सुगीला प्रत्येक घरातून पायलीभर ज्वारी त्यांच्याकडे जायची, एवढाच व्यवहार. सप्टेंबरात एका दुपारी पालकांना भेटायला म्हणून मी त्यांच्या काहिलीत बसले. सात पोरं, मी आणि आबा. काहिलीचा काठ पाण्याच्या वर चार बोटं राहिला होता. तळाशी पाणी होतं आणि एक मुलगा ते डब्याने बाहेर टाकत होता. त्याच्या चेहऱ्यावर कंटाळा होता, त्यामुळे मीही घाबरायचं नाही असं ठरवलं.

नवल वाटलं ते त्या पोरीचं. वर्गात मुकी, आणि इथे पुढे बसून सारखी बोलत होती. "आबा, डाव्या अंगाला. आजून. आता सरळ. आबा, मोटारीचा अँगल आला, उजवीकडनं घ्या. आता सरळ." आबा कळकाने, म्हणजे लांब बांबूने, काहिल ढकलत होते आणि ती सांगेल तसं वळवत होते. अँगल म्हणजे शेताला पाणी उपसायच्या मोटारींसाठी नदीत रोवलेले लोखंडी खांब.

मी म्हटलं, "आबा, तुमची नात वर्गात तोंड उघडत नाही हो. इथे तर तुम्हालाच शिकवतेय."

आबा हसले. "पान्यावर लई बोलती ती. बोलू द्या. पोरीच्या जातीला बोलाया मिळतं कुठं?"

बाकीची सहा पोरं एकमेकांकडे बघत होती. मला वाटलं, बाई काहिलीत बसल्यात म्हणून.

पलीकडे उतरताना आबांनी माझी पिशवी घ्यायला हात पुढे केला. हात पिशवीच्या एक वीतभर बाजूला गेला आणि तिथेच थांबला. मान दुसरीकडे. मी पिशवी त्यांच्या हातात नेऊन दिली आणि मनात म्हटलं, काय ही जुनी माणसं, परक्या बाईमाणसाकडे नजर वर करून बघायची नाहीत. घरी आल्यावर मी नवऱ्याला हे कौतुकाने सांगितलं सुद्धा. अशी अदब आता राहिली नाही, असं काहीतरी बोलले.

शनिवारी शाळा लवकर सुटायची. शेवटच्या तासाला मी पुस्तकाबाहेरचा एक प्रश्न विचारायची पद्धत पाडली. पहिल्या शनिवारी विचारलं, "सकाळी काही न खाता आला असाल तर दाबा." सोळा दिवे लागले. सोमवारपासून मी कपाटात शेंगदाणे आणि गूळ ठेवायला लागले. कुणासाठी ते सांगितलं नाही. सुट्टीत ज्याला हवे त्याने घ्यावेत, एवढंच. त्यावरून पोरांनी एक गोष्ट पक्की धरली, की बाकाखाली दाबलं की बाई काहीतरी करतात.

दिवाळीच्या सुट्टीला दोन-अडीच आठवडे होते. त्या शनिवारी मी विचारलं, "शाळेत यायची भीती वाटत असेल तर दाबा."

माझ्या डोक्यात आमचे गणिताचे गुरुजी होते. ते कानाची पाळी पिळून पोराला टाचांवर उभं करायचे. किती पोरं त्यांना टरकतात ते मला मोजायचं होतं, आणि खरं सांगायचं तर जमल्यास त्यांना ऐकवायचं होतं.

दहा दिवे लागले. तीन इकडे-तिकडे. आणि सात शेवटच्या ओळीचे, छत्तीस ते बेचाळीस, सगळे एकदम.

मी फळीकडे बघत राहिले. आधी मनात आलं, सात जणं एकाच वेळी, एकाच ओळीत, हे माणसांचं काम नव्हे. जोडात पाणी गेलं. पण ओलाव्याने लागलेले दिवे मिणमिणते असायचे आणि हे लख्ख होते. थोड्या वेळाने ते एकदम गेले नाहीत, एक-एक करून गेले, कुणी आधी बोट काढलं, कुणी नंतर. छत्तीस सगळ्यांत शेवटी. हे मी बघितलं. वडिलांचं वाक्यही आठवलं. मग मान वर करून शेवटच्या ओळीकडे बघितलं, तर सात जणं माझ्याकडे बघत होती. एरवी ती कधीच माझ्याकडे बघत नसत.

मी विचारू शकले असते. तास संपल्यावर छत्तीस नंबरला थांबवून म्हणू शकले असते, काय गं, कसली भीती? दहा मिनिटं लागली असती. पण बारा-दहाची एसटी होती. आणि बुधवारी तालुक्याहून साहेब माझी फळी बघायला येणार होते, चार शाळांचे शिक्षक घेऊन. गावोगाव अशा फळ्या करायच्या असं त्यांच्या मनात होतं. मला मोडकी फळी नको होती. मी गुडघ्यावर बसले, शेवटच्या ओळीची मुख्य वायर जोडातून ओढून काढली, तिच्यावर काळी टेप गुंडाळली. सात बटणं मेली. एसटी मिळाली, खिडकीची जागाही मिळाली.

सोमवारी छत्तीस नंबरवाली टेबलापाशी आली. मला वाटतं वर्षभरात ती आपणहून पहिल्यांदा आली असेल.

"बाई, आमच्या वळीचं बटान चालंना."

"चालेल कसं? तुमच्या ओल्या पायांनी वायरीची वाट लावलीय. सुट्टीनंतर नवी टाकू."

"शनवारच्या आत न्हाई का व्हनार?"

"एवढी काय घाई गं? शनिवारी काय लग्न आहे तुझं?"

वर्ग हसला. मीही हसले. माझं बोलणं पोरांना आवडायचं आणि ते मला माहीत होतं. ती मान खाली घालून जागेवर गेली.

बुधवारी साहेब आले. मी शेवटच्या ओळीला आधीच सांगून ठेवलं होतं, "तुमची बटणं चालू नाहीत, पण तुम्ही दाबल्यासारखं करा. पाहुण्यांना वाटायला नको." सात जणांनी छान केलं. पस्तीस दिवे लुकलुकत होते, साहेब खूश होते, म्हणाले, "बाई, तुम्ही मुक्याला वाचा फोडली." चहा झाला, नारळ मिळाला.

त्याच आठवड्यात खालच्या बंधाऱ्याला ढापे टाकले. पावसाळा संपला की बंधाऱ्याची दारं लोखंडी पत्र्यांनी बंद करतात, ते ढापे, आणि पाणी मागे तुंबत येतं. खिडकीतून दिसणारी नदी दिवसादिवसाला रुंद होत होती. काठचे खडक दिसेनासे झाले. मोटारींचे लोखंडी अँगल, जे एरवी पुरुषभर वर असायचे, त्यांची नुसती टोकं राहिली. सकाळी पाण्यावर धुकं बसायचं आणि पहिल्या तासाला पलीकडचा काठ नसायचाच. शेवटच्या ओळीतली पोरं आता गुडघ्यापर्यंत भिजून यायला लागली. मी त्यांना जोडापासून पाय लांब ठेवायला सांगितलं.

शनिवारी मी सोपा प्रश्न ठेवला, सुट्टी जवळ आली होती. "दिवाळीला मामाच्या गावाला कोण जाणार?" पुढच्या पस्तिसांतले वीस-एक दिवे लागले. सहज मागे नजर गेली. सातही जणांचे हात बाकाखाली. छत्तीस नंबरवाली खांद्यापासून ताठ झाली होती, सगळं अंग बटणावर टाकल्यासारखी, आणि माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, बुधवारचं नाटक अजून चालू आहे. मी म्हटलं, "पुरे आता, पाहुणे गेले." त्यांनी हात काढून घेतले.

सोमवारी मी शाळेत पोचले तर वर्गात कुणी नव्हतं. सगळं गाव नदीवर होतं.

धुक्यात काहिल एका अँगलवर आदळली होती. टोक पाण्याखाली गेलेलं, पुढे बसलेल्या पोरीलाही दिसलं नाही. काहिल कलली, पाणी आत आलं, आणि दुसऱ्या क्षणाला काहिल नव्हती. नदीकाठची पोरं, पोहायला सगळ्यांना येत होतं. कुणी मोटारीच्या पाइपाला धरलं, कुणी काठावर गेलं, कुणी दुसऱ्याच काठावर. सातही वाचली. मी गेले तेव्हा ती गोधड्या पांघरून बसली होती आणि त्यांचे दात वाजत होते.

आबा दुपारी बंधाऱ्यापाशी सापडले.

"आबांना पोहता येत नव्हतं?" मी तिथल्या एका माणसाला विचारलं.

"आबाला?" तो म्हणाला. "आख्ख्या वस्तीला त्यानं पवाया शिकवलं. पर काठ कुठं हाय ते दिसाया पायजे ना बाई."

मला कळलं नाही. त्याने माझ्याकडे बघून जरा सावकाश सांगितलं. "दोन वर्सं झाली, आबाला दिसत न्हवतं. मोतीबिंदू. नात बोलंल तशी काहिल चालायची."

पोरांनीच मग सांगितलं. सात जणं पाण्यात पडल्यावर सात ठिकाणांहून ओरडत होती. "आबा, इकडं." "आबा, हिकडं या." छत्तीस नंबरवाली पाइपाला धरून ओरडत होती, पण तिचा आवाज बाकीच्यांत वेगळा येईना. आबा पाण्यात उभ्या उभ्या वळत राहिले. ह्या आवाजाकडे थोडे गेले, मग त्या आवाजाकडे. मग धुक्यात दिसेनासे झाले.

"कुणी सांगितलं का नाही?" मी ओरडले. राग आला की मी ओरडतेच. "दोन वर्षं सगळ्यांना माहीत होतं, तर कुणी तोंड का उघडलं नाही?"

तो माणूस म्हणाला, "सांगितलं आसतं तर काहिल बंद झाली आसती. काहिल बंद म्हंजी पोरींची शाळा बंद. आन् आबाला तरी कुनी म्हनायचं, तुमी आता बसा म्हनून?"

 त्या क्षणी मला भीतीचा प्रश्न विचारला त्या शनिवारचे सात दिवे दिसत होते. तोंडाने जे सांगता येत नव्हतं, ते त्यांनी मला सांगितलं होतं. त्यासाठीच तर मी बटणं ठोकली होती.

चौकशी झाली. पोलीसपाटील आले, तलाठी आला. काहिल कुणाची, ढापे कधी टाकले, अँगल कुणाच्या मोटारीचा, सगळं विचारलं गेलं. मला कुणी काही विचारलं नाही आणि मी काही बोलले नाही. दिवा कुणाचा लागला ते कुणाला सांगणार नाही असं मी वचन दिलं होतं, अशी मी माझी समजूत घातली. लाज वाटते ती ह्याची जास्त. पोरांना धीर यावा म्हणून दिलेलं वचन मी स्वतःला लपवायला वापरलं.

दोन्ही मुलगे दिवाळीनंतर सायकलने पुलावरून यायला लागले. पाच मुली आल्या नाहीत. वर्ष संपेपर्यंत मी रोज त्यांची नावं घेत होते आणि वर्ग शांत असायचा. एकदा पुलावरून वळसा घालून वस्तीवर जाऊन आले. छत्तीस नंबरवालीची आई म्हणाली, "बाई, चहा घ्या." पोरगी पाणी देऊन आत गेली ती बाहेर आली नाही. शाळेचं काढलं तर आईने फक्त नदीकडे बघितलं. फळी मी उतरवून ठेवली. तालुक्याहून प्रदर्शनासाठी मागणी आली तेव्हा बिघडली आहे म्हणून कळवलं. नंतर माझी बदली झाली. नव्या शाळेत मी समजलं का असं विचारायचं सोडून दिलं. सरळ पुढे शिकवायची.

सात-आठ वर्षं गेली. वडील निवृत्त होऊन दौंडलाच राहत होते. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला मी त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. बाकावर बसलो होतो. आतल्या बोळातून आवाज आला, "मामा, डाव्या अंगाला. आता सरळ. आता पायरी हाय."

मी मान वर करायच्या आधीच मला कळलं होतं. निळा झगा घातलेली एक बाई एका म्हाताऱ्याचा कोपर धरून त्याला बाहेर आणत होती. अंगाने भरली होती, कपाळावर कुंकू, गळ्यात काळी पोत. म्हाताऱ्याला बसवून ती आमच्याकडे आली, कागद बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"बाई?"

ती हसली. सगळं भराभर सांगितलं. लग्न झालं, दौंडलाच दिलं, एक मुलगी आहे, तिला इंग्लिश शाळेत घातलंय. हे काम चार वर्षं करतेय, पेशंटला आत-बाहेर न्यायचं, थेंब घालायचे. डॉक्टर म्हणतात, तुझ्या हातात माणूस दिला की तो अडखळत नाही. मी बरं बरं म्हणत होते. मग ती माझ्या शेजारी बाकावर टेकली आणि आवाज खाली आला.

"बाई, एक इचारायचं व्हतं. लई वर्सं झाली. तुमी त्या शनवारी इचारलं व्हतं बगा, भीती वाटती का म्हनून. तवा आमचे दिवे लागले व्हते का?"

वडील दुसऱ्या बाजूला पट्टी बांधून बसले होते. त्यांचा ऐकू येणारा कान आमच्याकडेच होता.

नाही म्हणणं फार सोपं होतं. वायर ओली होती गं, लागलेच नाहीत. तिचंही भागलं असतं, माझंही. जिभेवर आलं होतं.

"लागले होते," मी म्हटलं. "सातही. लख्ख."

तिने श्वास सोडला. "मंग बरं," ती म्हणाली. "मीच समद्यांना तयार केलं व्हतं. तोंडानं न्हाई, बटनानं सांगू, बाई कायतरी वाट काढत्याल. पुढच्या शनवारी बी दाबलं आमी, पर ते बंद व्हतं. मला वाटायचं, पयल्या येळंला बी माजंच नीट दाबलं गेलं न्हाई. माज्यामुळंच तुमाला कळलं न्हाई. आजून सपनात दाबते मी बाई."

ती डोळे पुसत होती आणि हसतही होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, म्हणून मला ते दिसलं. हसू आधी थांबलं. मग हात थांबला. दिवे लागले होते, म्हणजे बाईंनी बघितले होते, हे तिच्यापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला.

मी वाट बघत राहिले. ती उठली, वडिलांच्या कोपराला हात घातला. "चला आबा. डाव्या अंगाला. आता सरळ."

थोड्या वेळाने तिने त्यांना बाहेर आणून बसवलं. थेंबांच्या बाटल्यांची पिशवी तिच्या हातात होती. कुठले थेंब कधी घालायचे, किती दिवस, पाणी कधीपर्यंत लागू द्यायचं नाही, सगळं तिने दोनदा नीट सांगितलं. ज्यांना अजून धड दिसत नव्हतं त्या वडिलांना सांगितलं, पिशवीही त्यांच्याच हातात दिली, आणि पुढच्या पेशंटला आणायला आत गेली.